फुफ्फुसातली पेप्टाइडे आणि कोराडीची राख

नागपुरातल्या सीताबर्डीच्या मेन रोडवर सणासुदीच्या गर्दीत रेटारेटी करत पुढे सरकणारा प्रत्येक माणूस दिवसभरात सुमारे दहा हजार लिटर हवा आत घेतो. त्या हवेत रस्त्याची धूळ असते, डिझेलचा धूर असतो, शेजारच्याच्या शिंकेतले थेंब असतात आणि या सगळ्यांबरोबर आलेले जिवाणूही असतात. ही हवा शेवटी ज्या वायुकोशांत पोचते त्यांचे एकूण क्षेत्रफळ सत्तर चौरस मीटरच्या आसपास भरते, आणि तिथे हवा व रक्त यांच्यामधला पडदा एका मायक्रॉनहूनही पातळ असतो. एवढ्यावर भागत नाही. गाढ झोपेत धडधाकट माणसाच्याही घशातली लाळ थोडीथोडी श्वासनलिकेत उतरते. अमेरिकेत १९७८ साली झोपलेल्या निरोगी लोकांच्या घशात किरणोत्सारी खुणेचा द्रव सोडून हे तपासले गेले, तेव्हा जवळपास निम्म्या लोकांच्या फुफ्फुसात तो सापडला. घशात तर न्यूमोकोकस हा न्यूमोनियाचा मुख्य जिवाणू अनेकांकडे, विशेषतः लहान मुलांकडे, आजार न करता मुक्कामाला असतोच. तेव्हा ‘न्यूमोनिया का होतो’ या प्रश्नाआधी ‘तो बहुतेकांना बहुतेक वेळा का होत नाही’ हा प्रश्न विचारायला हवा. खोकला, श्वासनलिकेतला चिकट स्राव, तो वर ढकलणारे सूक्ष्म केस आणि वायुकोशांत फिरणाऱ्या भक्षक पेशी ही उत्तरे शाळेच्या पुस्तकात असतात. त्यात बहुधा राहून जाते ती गोष्ट म्हणजे श्वासमार्गावर पसरलेल्या द्रवाच्या पातळ थरात विरघळलेली जिवाणूनाशक पेप्टाइडे. त्यांच्याविषयी मराठीत लिहिले जाते ते ‘निसर्गाचे अँटिबायोटिक’ अशा कौतुकाच्या सुरात. मला या कौतुकापेक्षा दुसरा मुद्दा महत्त्वाचा वाटतो. ही पेप्टाइडे किती आहेत यापेक्षा ती ज्या द्रवात काम करतात तो द्रव कसा आहे, यावर त्यांचे यश ठरते. आणि नागपूरसारख्या शहरात त्या द्रवात काय मिसळते, हा प्रश्न केवळ डॉक्टरांचा राहत नाही.

पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची छोटी साखळी. प्रथिनांचे लहान भावंड म्हणता येईल. जिवाणू मारणाऱ्या पेप्टाइडांचा शोध माणसापासून सुरू झाला नाही. स्वीडनमध्ये हान्स बोमान यांनी १९८१ मध्ये एका मोठ्या पतंगाच्या कोषात ती शोधली, आणि १९८७ मध्ये मायकेल झासलॉफ यांना आफ्रिकन बेडकाच्या कातडीत ती मिळाली. मधल्या काळात, १९८५ मध्ये, कॅलिफोर्नियात रॉबर्ट लेहरर यांच्या गटाने माणसाच्या न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींतून अशी पेप्टाइडे वेगळी करून त्यांना ‘डिफेन्सिन’ हे नाव दिले. श्वासमार्गाचे नाते जुळले ते १९९१ साली. झासलॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांना गाईच्या श्वासनलिकेच्या अस्तरात एक पेप्टाइड सापडले, म्हणजे पांढऱ्या पेशी येण्याची वाट न पाहता नळीचे अस्तर स्वतःच ते बनवत होते. माणसातले त्याचे भाऊबंद पुढच्या काही वर्षांत मिळाले. त्यातले बीटा-डिफेन्सिन-२ हे १९९७ मध्ये जर्मनीत सोरायसिसच्या रुग्णांच्या कातडीच्या खपल्यांतून वेगळे केले गेले आणि नंतर फुफ्फुसातही भरपूर आढळले. दुसरे घराणे कॅथेलिसिडिनचे. इतर सस्तन प्राण्यांपैकी काहींकडे त्याचे अनेक प्रकार आहेत, माणसाकडे मात्र एकच: सदतीस अमिनो आम्लांचे, दोन ल्युसिनने सुरू होणारे आणि म्हणून एलएल-३७ नावाने ओळखले जाणारे.

यांची मारण्याची रीत विद्युतभारावर चालते. ही पेप्टाइडे धनभारित असतात. जिवाणूच्या बाहेरच्या पडद्यावर ऋणभारित स्निग्ध रेणूंची गर्दी असते. आपल्या पेशींच्या बाहेरच्या अंगाला मात्र भार जवळपास नसतो आणि वर कोलेस्टेरॉलमुळे पडदा घट्ट असतो. त्यामुळे पेप्टाइड जिवाणूकडे ओढले जाते, त्याच्या पडद्यात घुसते, पडदा फाटतो किंवा गळू लागतो आणि जिवाणू मिनिटांत मरतो. विशिष्ट जिवाणूचा चेहरा ओळखण्याची गरज नसते. प्रतिपिंडे तयार व्हायला आठवडा लागतो, पेप्टाइडे आधीपासून हजर असतात. ही विद्युतभाराची गोष्ट वाचकाने लक्षात ठेवावी, कारण या यंत्रणेचे बळही तिच्यात आहे आणि दुबळेपणाही.

न्यूमोकोकस वायुकोशात पोचून वाढू लागला की पहिल्या काही तासांत अस्तराच्या पेशी आणि भक्षक पेशी त्याच्या भिंतीचे तुकडे ओळखतात. एरवी मंद आचेवर चालणारे बीटा-डिफेन्सिन-२ चे उत्पादन एकदम वाढते. रक्तातून न्यूट्रोफिल धावून येतात. त्यांच्या पोटातल्या कणिकांत डिफेन्सिन ठासून भरलेले असते आणि एलएल-३७ निष्क्रिय रूपात साठवलेले असते. बाहेर पडताना न्यूट्रोफिलचेच एक विकर त्याचे झाकण कापते आणि ते कामाला लागते. पुढे ही पेप्टाइडे केवळ मारत बसत नाहीत. ती आणखी पेशींना बोलावतात, जिवाणूंच्या विषारी तुकड्यांना बांधून ठेवतात, जखमी अस्तर भरून यायला हातभार लावतात. जपानमध्ये १९९८ साली जिवाणूजन्य न्यूमोनियाच्या रुग्णांच्या फुफ्फुसातल्या धुवणात आणि रक्तातही बीटा-डिफेन्सिन-२ वाढलेले मोजले गेले, आणि संसर्ग झालेल्या नवजात बाळांच्या श्वासनलिकेतल्या स्रावातही ही पेप्टाइडे वाढतात हे २००२ मध्ये दिसले. वाढणे म्हणजे उपयोगी पडणे नव्हे, अशी शंका कोणी घेईल आणि ती रास्त आहे. तिला उत्तर देणारा पुरावा दोन बाजूंनी येतो. एलएल-३७ च्या उंदरातल्या जोडीदाराचे जनुक काढून टाकलेल्या उंदरांना क्लेब्सिएला या जिवाणूचा न्यूमोनिया साध्या उंदरांपेक्षा जास्त भारी पडतो. आणि कोस्टमान नावाच्या दुर्मिळ जन्मजात विकारात न्यूट्रोफिलची संख्या औषधाने भरून काढली तरी त्यांत एलएल-३७ नसते. अशा रुग्णांच्या हिरड्यांचे आजार पेशी भरल्या तरी हटत नाहीत. पेशी आहेत, पेप्टाइड नाही, आणि संसर्ग आहे. याहून स्पष्ट पुरावा निसर्ग सहसा देत नाही.

मग सगळ्यात सरळ आक्षेप असा की इतकी पेप्टाइडे असताना न्यूमोनियाने माणसे मरतात कशी? याचे उत्तर शोधताना शास्त्रज्ञ एकदा चुकीच्या रस्त्याला लागून परत आले, आणि तो प्रवास बोधप्रद आहे. सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजारात फुफ्फुसात जिवाणू कायमचे घर करतात. १९९६ मध्ये अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात मायकेल वेल्श यांच्या गटाने दाखवले की अशा रुग्णांच्या श्वासनलिकेच्या पेशींवरचा द्रव जिवाणू मारत नाही, पण त्यातले मीठ कमी केले की मारू लागतो. म्हणजे नाशक द्रव्य त्या द्रवात होतेच, फक्त चालत नव्हते. धनभार आणि ऋणभार यांच्या ओढीवर चालणारे हत्यार मिठाच्या पाण्यात बोथट होते, हे भौतिकशास्त्राला धरूनच होते. पुढे मात्र अनेकांच्या मोजमापात रुग्णांच्या द्रवात मीठ तितके जास्त निघेना. २०१२ मध्ये त्याच विद्यापीठातून सुधारित उत्तर आले. हा आजार असलेली डुकराची नवजात पिल्ले वाढवून, सोन्याच्या बारीक जाळीवर चिकटवलेले जिवाणू त्यांच्या श्वासनलिकेत ठेवून बघितले गेले. निरोगी पिल्लांत मिनिटभरात बरेच जिवाणू मेले, आजारी पिल्लांत त्याहून कमी. कारण मीठ नव्हते, आम्लता होती. द्रव अल्कधर्मी केला की मारण्याची ताकद परत आली. पहिला निष्कर्ष तपशिलात चुकला, पण त्यामागची कल्पना टिकली: पेप्टाइड असून नसल्यासारखे होऊ शकते. गोदामात धान्य असणे आणि ताटात भाकरी असणे यात जेवढा फरक, तेवढाच इथे आहे. पूने भरलेल्या फुफ्फुसात हेच दुसऱ्या रीतीने घडते. मेलेल्या न्यूट्रोफिलमधून डीएनए आणि ॲक्टिन यांचे लांब धागे बाहेर पडतात. तेही ऋणभारित असल्याने एलएल-३७ त्यांनाच चिकटून बसते आणि जिवाणूंपर्यंत पोचत नाही. बेडक्याची तपासणी केली तर पेप्टाइड भरपूर मिळेल, पण त्यातले मोकळे किती हे त्या आकड्यावरून कळत नाही.

जिवाणूही गप्प बसलेले नाहीत. न्यूमोकोकस आपल्या भिंतीवरच्या रेणूंना अलॅनिन जोडून तिचा ऋणभार कमी करतो, म्हणजे पेप्टाइडाला ओढ कमी लागते. स्टॅफिलोकोकस पडद्यातल्या स्निग्ध रेणूंवर लायसिन चढवतो; शिवाय त्याचे एक विकर एलएल-३७ सरळ कापते. क्लेब्सिएलाचे जाडजूड आवरण पेप्टाइडांना बाहेरच अडकवते. आणि शेवटी विषाणू. फ्लू झालेल्या फुफ्फुसात विषाणूविरोधी यंत्रणा जोरात चालू असते, आणि तीच पेप्टाइडे बनवण्याचा जिवाणूविरोधी मार्ग दाबून टाकते, असे उंदरांवरच्या प्रयोगांत दिसले आहे. १९१८ च्या साथीतल्या जतन केलेल्या फुफ्फुसांची नंतर तपासणी झाली तेव्हा बहुतेक मृत्यू फ्लूमागून आलेल्या जिवाणूजन्य न्यूमोनियाचे होते असा निष्कर्ष निघाला. नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रांत-वऱ्हाडाचा त्या साथीतला मृत्युदर हिंदुस्थानातल्या सर्वांत भयंकर दरांपैकी होता. त्या मृत्यूंमागे दुष्काळी पीक, उपासमार, गर्दी, औषधांचा अभाव हे सगळे होते; पण ज्याच्या फुफ्फुसाचा स्वतःचा बचाव विषाणूने आधीच खिळखिळा केला होता, त्याला वरचे प्रत्येक कारण जास्त महाग पडले असणार.

आता राखेकडे येऊ. सीताबर्डीच्या उत्तरेला कोराडी आणि खापरखेडा ही महानिर्मितीची औष्णिक वीज केंद्रे आहेत. खापरखेड्याचीच क्षमता १३४० मेगावॉट आहे आणि कोराडीची त्याहून जास्त. भारतीय कोळशात राख भरपूर, त्यामुळे एवढ्या कोळशामागे निघणाऱ्या राखेचे डोंगरच होतात. धुराड्यातले यंत्र जाड राख बहुतांशी पकडते, सर्वांत बारीक कण निसटतात. पकडलेली राख पाण्यात कालवून वारेगाव, खसाळा अशा बंधाऱ्यांत सोडली जाते, आणि एप्रिल-मे महिन्यांत नागपूरचा पारा पंचेचाळीसकडे गेला की वरचा थर सुकून वाऱ्यावर उडतो. २०२२ च्या पावसाळ्यात खसाळ्याचा बंधारा फुटला तेव्हा राख नाल्या-नदीत आणि शेतात गेली आणि बातमी झाली. रोज थोडीथोडी उडणारी राख बातमी होत नाही. आयोवा विद्यापीठातल्याच दुसऱ्या एका गटाने २०१३ मध्ये कोळशाची राख आणि श्वासमार्गातली पेप्टाइडे एकत्र ठेवून पाहिली. राखेच्या कणांनी पेप्टाइडांची जिवाणू मारण्याची क्षमता घटवली. एलएल-३७ कणांच्या पृष्ठभागाला चिकटत होते. विद्युतभारावर चालणाऱ्या यंत्रणेचा दुबळेपणा तो हाच. ऋणभारित पृष्ठभाग समोर आला की पेप्टाइड जिवाणू आणि राखेचा कण यांत भेद करत नाही. त्यात राखेत लोह असते, आणि लोह जिवाणूंना वाढीसाठी लागते. आपले शरीर तर लॅक्टोफेरिनसारखी प्रथिने वापरून फुफ्फुसातले लोह मुद्दाम कुलूपबंद ठेवते. सीताबर्डीच्या चौकात राखेपेक्षा रस्त्याची धूळ आणि वाहनांचा धूर यांचा वाटा मोठा आहे, हे मान्यच. पण तिथेही चित्र वेगळे नाही. मेक्सिको सिटीच्या हवेतले कण फुफ्फुसाच्या पेशींना दिले असता त्यांनी बनवलेले बीटा-डिफेन्सिन घटले आणि क्षयाचे जंतू त्या पेशींत जास्त वाढले, असे २०१५ साली प्रसिद्ध झाले. राख तयार पेप्टाइड खिळवून ठेवते आणि शहरी धूर ते बनण्यातच खोडा घालतो.

काचेच्या बशीतला हा पुरावा खऱ्या माणसांवर लावायचा कसा, असा आक्षेप कोणताही जाणता डॉक्टर घेईल. बशीत राखेची मात्रा प्रयोगकर्ता ठरवतो. फुफ्फुसात स्राव, सूक्ष्म केस आणि खोकला कण बाहेर काढत असतात. म्हणून बशी बाजूला ठेवून वस्तीकडे पाहावे लागते. अमेरिकेतल्या युटा खोऱ्यातला पोलादाचा मोठा कारखाना १९८६ च्या ऑगस्टपासून तेरा महिने बंद राहिला. आर्डेन पोप या अर्थशास्त्रज्ञाने रुग्णालयांच्या भरतीच्या नोंदी आणि हवेच्या मोजमापाचे आकडे शेजारी मांडले. कारखाना चालू असलेल्या हिवाळ्यांत ब्राँकायटिस, न्यूमोनिया, दमा अशा श्वसनाच्या आजारांनी भरती होणारी मुले बंद असलेल्या हिवाळ्याच्या दोन-तीन पट होती. पुढे त्या वर्षांच्या हवेचे जपून ठेवलेले गाळणकागद धुऊन काढलेला अर्क स्वयंसेवकांच्या फुफ्फुसात अल्प प्रमाणात सोडला गेला, तेव्हा कारखाना चालू असतानाच्या कागदांनी जास्त दाह केला. हा पुरावा माझ्या बाजूचा. विरुद्ध बाजूचाही सांगितला पाहिजे. ग्वाटेमाला, पेरू, रवांडा आणि भारतातल्या तामिळनाडूत सुमारे ३२०० गर्भवतींच्या घरी चुलीऐवजी गॅस देऊन मुलांवर वर्षभर लक्ष ठेवले गेले. घरातला धूर चांगलाच कमी झाला, पण बाळांमधला तीव्र न्यूमोनिया कमी झाला नाही. २०२४ मध्ये आलेल्या या निकालाने अनेकांची निराशा केली. मग माझे म्हणणे कोसळते का? मला तसे वाटत नाही, पण ते थोडे आवरते घ्यावे लागते. त्या चारपैकी तीन देशांत न्यूमोकोकसची लस आधीच दिली जात होती, आणि लसीनंतर उरणाऱ्या बाळांच्या न्यूमोनियात विषाणूंचा वाटा मोठा असतो. पेप्टाइडांचा प्रश्न मुख्यतः जिवाणूंचा आहे. शिवाय चुलीचा धूर आणि कोळशाची राख ही रसायनाने एक नव्हेत. हवा स्वच्छ केली की न्यूमोनिया जाईल, असे मी म्हणत नाही. घाण हवेत फुफ्फुसाचा एक बचाव अधू होतो आणि त्याचा फायदा जिवाणूंना होतो, एवढेच म्हणतो, आणि त्याला आधार आहे.

दुसरा आक्षेप उत्साही मंडळींचा असतो. हवा सुधारायला दशके लागतील. पेप्टाइडच औषध म्हणून का देत नाही? या कामात महाराष्ट्र मागे नाही. परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेत सुसान इडिक्युला-थॉमस आणि सहकाऱ्यांनी २०१० साली ‘कॅम्प’ हा जिवाणूनाशक पेप्टाइडांचा माहितीसंच खुला केला. त्यात सजीवांतून मिळालेल्या हजारो पेप्टाइडांची माहिती आहे, आणि एखादी नवी साखळी जिवाणूनाशक ठरेल का याचा अंदाज संगणकाने बांधण्याची सोय आहे. जगभरचे संशोधक तो वापरतात. पण अंदाजापासून औषधापर्यंतचा रस्ता खडकाळ आहे. झासलॉफ यांच्या बेडकाच्या पेप्टाइडावरून बनवलेले पेक्सिगनान हे मलम मधुमेहींच्या पायाच्या जखमांसाठी १९९९ मध्ये अमेरिकन औषध नियामकांपुढे गेले आणि नाकारले गेले. इसेगनान हे दुसरे पेप्टाइड व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांच्या तोंडात लावून न्यूमोनिया टळतो का ते पाहिले गेले, टळला नाही. कारणे वरच्याच गोष्टीत आहेत. शरीरातली विकरे पेप्टाइड कापतात, पू ते बांधून ठेवतो, मात्रा वाढवली तर ते आपल्याच पेशींचे पडदे फोडू लागते. ड जीवनसत्त्वाचीही कथा याच वळणाची. ते एलएल-३७ चे जनुक चालू करते हे २००६ मध्ये कॅलिफोर्नियात सुंदर रीतीने सिद्ध झाले, आणि नागपूरच्या उन्हाकडे बोट दाखवून ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या खपवणे तेव्हापासून सोपे झाले. पण काबूलमध्ये तीन हजारांवर बाळांना दर तीन महिन्यांनी एक लाख युनिट देऊन पाहिले, तर पहिल्या न्यूमोनियाचे प्रमाण तसूभरही कमी झाले नाही. ज्याला कमतरता आहे त्याने ती हाडांसाठी अवश्य भरून काढावी. न्यूमोनियाचा बचाव म्हणून डबा विकत घेण्याचे कारण नाही.

पेप्टाइड औषधांना आणखी एक धोका आहे, आणि तो आपल्या दारात आहे. अतिदक्षता विभागात बाकी सगळी औषधे थकली की शेवटी वापरले जाणारे कोलिस्टिन हेही धनभारित पेप्टाइडच आहे, जिवाणूंनीच बनवलेले. झासलॉफ एकेकाळी म्हणत की पेप्टाइडांना जिवाणू सहजी प्रतिकार करू शकणार नाहीत. कोट्यवधी वर्षे ती टिकून आहेत, हाच त्याचा पुरावा. कॅनडातले उत्क्रांतीशास्त्रज्ञ ग्रॅहम बेल यांनी उलट इशारा दिला की औषध म्हणून ती भरमसाट वापरली तर प्रतिकार येईल आणि तो आपल्या स्वतःच्या पेप्टाइडांनाही लागू होईल. वाद पेपरांतून न घालता दोघांनी मिळून प्रयोग केला. सहा-सातशे पिढ्यांनंतर पेक्सिगनानसमोर वाढवलेल्या चोवीस जिवाणू-वंशांपैकी बावीस प्रतिकारक झाले होते. २००६ च्या त्या निबंधावर झासलॉफ यांचेही नाव आहे. आपला अंदाज खोटा ठरवणारा निकाल स्वतःच्या नावाने छापण्याइतके त्यांचे मन मोठे होते. पुढे कोलिस्टिनला न जुमानणाऱ्या ॲसिनेटोबॅक्टरने एलएल-३७ लाही दाद दिली नाही असे आढळले, आणि चीनमध्ये २०१५ साली सापडलेले, एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जाणारे कोलिस्टिन-प्रतिकाराचे जनुक आपल्या अंगच्या पेप्टाइडांविरुद्धही जिवाणूला बळ देते, हे २०२३ मध्ये ऑक्सफर्डच्या गटाने दाखवले. कोंबड्यांचे वजन वाढावे म्हणून खाद्यात कोलिस्टिन मिसळण्यावर भारत सरकारने जुलै २०१९ मध्येच बंदी घातली ती हे औषध टिकावे यासाठी. बंदी कागदावर राहिली तर नुकसान फक्त एका औषधाचे होणार नाही.

याचा अर्थ अँटिबायोटिक आणि पेप्टाइडे एकमेकांच्या विरोधात आहेत असा नाही. उलट आहे. सॅन डिएगोच्या व्हिक्टर निझेट यांच्या गटाने २०१५ मध्ये दाखवले की प्रयोगशाळेच्या नेहमीच्या पोषक द्रवात ॲझिथ्रोमायसिनला न जुमानणारे ॲसिनेटोबॅक्टर, क्लेब्सिएला यांसारखे जिवाणू शरीरासारख्या द्रवात आणि एलएल-३७ च्या सोबतीने त्याच औषधाने मरतात. चाचणीच्या कागदावर ‘प्रतिकारक’ असा शेरा असला, तरी फुफ्फुसात दोघे मिळून काम करू शकतात. औषध बहुतेकदा जिवाणूंचे बळ मोडते, शेवटचा साफसफाईचा भाग शरीर करते. विदर्भातल्या न्यूमोनियाच्या इतिहासाकडे या नजरेने पाहण्यासारखे आहे. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गडचिरोलीच्या ५८ गावांत प्रशिक्षित आरोग्यदूत आणि दाया यांच्या हाती साधे, स्वस्त को-ट्रायमॉक्साझोल दिले. शेजारच्या ४४ गावांच्या तुलनेत तिथला बालन्यूमोनियाचा मृत्युदर निम्म्याहून खाली आला. ‘लॅन्सेट’मध्ये १९९० साली आलेला तो निबंध जगभरच्या बालआरोग्य कार्यक्रमांना दिशा देऊन गेला. नागपूरच्या लता मेडिकल रिसर्च फाउंडेशनच्या अर्चना पटेल आणि सहकाऱ्यांनी पुढे तीव्र न्यूमोनियाच्या निवडक मुलांना रुग्णालयात ठेवण्याऐवजी घरी तोंडावाटे अमोक्सिसिलिन देता येते का ते पाहिले आणि २०१५ मध्ये अनुकूल निकाल मांडला. भारी औषधांशिवाय इतक्या मुलांना वाचवता आले, कारण औषध वेळेवर पोचले की त्या मुलांची फुफ्फुसे उरलेले काम करू शकली. माझ्या मते तरी त्या यशाचा हा भाग कमी बोलला जातो.

म्हणून नागपूरकरांपुढे मागणी ठेवायची तर ती पेप्टाइडाच्या इंजेक्शनची नको. न्यूमोकोकसची लस सहा आठवडे, चौदा आठवडे आणि नऊ महिने अशा तीन वेळांना सरकारी केंद्रात मोफत मिळते. ती चुकवू नये. वर्षाच्या आतल्या, दोन महिन्यांपुढच्या बाळाचे श्वास मिनिटाला पन्नास किंवा त्याहून जास्त झाले, किंवा त्याची छाती श्वासागणिक आत ओढली जाऊ लागली, तर काढ्याची वाट न पाहता डॉक्टरकडे न्यावे. आणि तिसरी गोष्ट प्रशासनाने करायची आहे. युटात एका अर्थशास्त्रज्ञाने फक्त दोन नोंदवह्या शेजारी ठेवल्या होत्या. नागपुरात हवेतले कण मोजणारी केंद्रे आहेत, पर्यावरणावर काम करणारी नीरी ही राष्ट्रीय संस्था शहरातच आहे, मेडिकल आणि मेयो या सरकारी रुग्णालयांच्या बालरोग वॉर्डांत भरतीची वही रोज भरली जाते. कोराडी-खापरखेड्याच्या प्रत्येक बंधाऱ्याभोवती उडणाऱ्या राखेचे आकडे आणि या दोन रुग्णालयांतले न्यूमोनियाचे आकडे दर महिन्याला एकाच तक्त्यावर छापून लोकांसमोर ठेवावेत, आणि नव्या वीजसंचाच्या प्रत्येक जनसुनावणीत हा तक्ता आधी वाचून दाखवावा.